सोळा पौंडांचा हट्ट आधी सोड

ताई नमस्कार,
मी मिशिगनला नोव्हायमध्ये राहतो, वय ३८. सप्टेंबरपासून ऑफिसच्या बोलिंग लीगमध्ये खेळतोय, दर गुरुवारी तीन गेम. ॲव्हरेज ११८ वर अडकलंय ते हलतच नाही. तिथलाच रॅकवरचा १६ पौंडी बॉल वापरतो, कारण टीममधले सगळे म्हणतात जड बॉल जास्त पिना पाडतो. पुण्यात कॉलेजला लेगस्पिन टाकायचो म्हणून मनगट फिरवून हुक काढायचा प्रयत्न करतो, कधी झकास वळतो, कधी थेट गटारात. तिसऱ्या गेमपर्यंत अंगठ्याची सालं निघतात आणि मनगट ठणकतं. आता टीममधला एकजण त्याचा जुना बॉल ४० डॉलरला देतोय, म्हणतो असिमेट्रिक कोअर आहे, राक्षसी हुक आहे. घेऊ का, की नवीन घेऊ? बायको म्हणते एका बॉलवर दोनशे डॉलर घालणारा माणूस तिने आजवर पाहिलेला नाही. दोन हातांनी टाकायला शिकू का? आणि ती उजव्या कोपऱ्यातली पिन, दहा नंबर, कायम उभीच राहते, तिचं काय करू?
— गटरसम्राट

गटरसम्राट, त्या चाळीस डॉलरच्या बॉलला आधी नाही म्हणून ये, मग पुढचं वाच. मित्राचा हेतू चांगलाच असेल, पण तो बॉल त्याच्या हातासाठी ड्रिल केलाय, तुझ्या नाही. अंगठ्याच्या भोकापासून बोटांच्या भोकांपर्यंतचं अंतर, ज्याला स्पॅन म्हणतात, ते प्रत्येकाचं वेगळं असतं आणि पाव इंचाचा फरक पडला तरी हात बोंब मारतो. ते बदलायचं तर जुनी भोकं बुजवून परत ड्रिल करावी लागतात, ते पैसे धरलेस की चाळीसचे शंभरच्या आसपास जातात आणि हातात येतो काय, तर दोनतीन सीझन तेल प्यायलेला बॉल. हो, तेल पितात ते. रिॲक्टिव्ह रेझिनच्या बॉलला बारीक छिद्रं असतात, लेनवरचं तेल आत शोषलं जातं, आणि वेळच्या वेळी साफ केला नाही की वळायचाच बंद होतो. मित्राने केला असेल का साफ? तू विचारून बघ, नुसता हसेल.

आता सोळा पौंड. अरे १६ ही नियमाने असलेली कमाल मर्यादा आहे, त्याच्यावर बॉलच नाही, तू पहिल्याच सीझनला थेट तिथेच जाऊन बसलायस. जड बॉल पिनांना धडकल्यावर कमी भरकटतो हे खरंय, पिन साडेतीन पौंडांच्या आसपास असते त्यामुळे बॉल जितका जड तितका तो आपली लाइन धरून आत घुसतो, पण हे सगळं कधी, तर तू तो पहिल्या फ्रेमपासून तिसऱ्या गेमच्या दहाव्या फ्रेमपर्यंत एकाच वेगाने एकाच जागी टाकू शकलास तर. तुझं मनगट दुखतंय म्हणजे तू तो टाकत नाहीयेस, कसाबसा ढकलतोयस. हल्ली बरेच प्रोसुद्धा सोळा सोडून १५ वर आलेत आणि ते तर रोज खेळणारे लोक. तू १४ घे. टीम हसली तर हसू दे, चार आठवड्यांनी स्कोअरबोर्ड बघतील.

अंगठ्याची सालं निघणं याला लोक 'सवय होईल' म्हणतात, ती सवय कधीही होत नाही. रॅकवरच्या बॉलला भोकं अशी केलेली असतात की कुणाचाही अंगठा आत जावा, म्हणजे तुझ्यासाठी ती ढगळ. भोक ढगळ असलं की बॉल सुटेल या भीतीने आपण अंगठ्याने तो आवळून धरतो, आवळला की कोपरापासून खांद्यापर्यंत सगळं ताठ होतं, हात झुलायच्या ऐवजी ओढला जातो, आणि सोडायच्या क्षणी अंगठा अडकून कातडी सोलत बाहेर येतो. तुझे निम्मे प्रॉब्लेम त्या एका भोकात आहेत बघ! म्हणून मी कायम सांगते, बॉल कुठल्या कंपनीचा हे नंतर, आधी चांगला ड्रिलर शोध.

प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉल ड्रिल करून देणाऱ्या दुकानात, नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे तिथे जाऊन बावचळायला नको. तो तुझा हात एका मापाच्या बॉलवर ठेवेल, अंगठा पूर्ण आत, बाकीचा पंजा बॉलवर सपाट, आणि बोटांच्या पेरांची रेघ भोकाच्या कडेला कुठे येते ते बघेल. नुसत्या मापावर थांबत नाही तो, अंगठ्याच्या भोकाचा तिरपेपणा पण ठरवतो, त्याला पिच म्हणतात, अंगठा किती मागे वाकतो यावर ते अवलंबून असतं. मग विचारेल कन्व्हेन्शनल की फिंगरटिप. रॅकवरच्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत जातात, ते कन्व्हेन्शनल. फिंगरटिपमध्ये फक्त पहिलं पेर आत, त्यामुळे अंगठा निघून गेल्यावर बोटं क्षणभर जास्त बॉलमध्ये राहतात आणि फिरकी तिथून येते. तू फिंगरटिप घे, दोनतीन आठवडे बॉल हातातून पडेल असं वाटेल, पडत नाही. ड्रिल झाल्यावर अंगठ्याच्या भोकाच्या कडा हाताला लागतायत का ते तिथल्या तिथे बघ, लागत असतील तर घासून गोल करायला सांग, लाजू नकोस, ते त्यांचं कामच आहे. आणि जायचं ते लीग संपल्यावर, सकाळी नव्हे. खेळून अंगठा सुजलेला असतो, त्या मापाचं भोक करून घ्यायचं, आणि गार हाताला सैल वाटलं तर आत पट्टी चिकटवायची. लोकांच्या बॅगेत त्या पांढऱ्या-काळ्या टेपची पाकिटं दिसतात ना, ती याचसाठी. सैल भोक टेपने घट्ट करता येतं, घट्ट भोक गेमच्या मध्ये सैल करता येत नाही.

कधी झकास वळतो कधी गटारात, याचं अर्धं कारण तुझ्या हातात आहे आणि अर्धं लेनवर. लेन कोरडी नसते. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडून बॉल सोडायचा त्या रेघेपासून, हेडपिनपर्यंत, म्हणजे सगळ्यात पुढच्या एक नंबरच्या पिनेपर्यंत ६० फूट, त्यातले पहिले साधारण ४० फूट मशीनने तेल लावलेलं असतं आणि पुढचे २० कोरडे. त्यातही नेहमीच्या लीगला जो पॅटर्न घालतात त्यात मधे तेल भरपूर आणि कडांना कमी. तेलावर बॉल घसरत जातो, कोरडं लागलं की पकडतो आणि वळतो. म्हणजे तू बाहेरच्या कोरड्या फळ्यांवर टाकलास तर लवकर वळणार, मधल्या तेलात टाकलास तर सरळ जाणार, दोन्हीकडे तू हात तसाच फिरवला होतास तरी. लेनला ३९ फळ्या असतात आणि सात बाण, दर पाचव्या फळीवर एक. तू पिनांकडे बघून टाकत असशील, सगळे नवीन लोक तेच करतात, ते बंद कर. बाण पंधरा फुटांवर आहेत, पिना साठ फुटांवर. उजवीकडून दुसरा बाण, म्हणजे दहावी फळी, एवढंच बघायचं आणि बॉल त्याच्यावरून जाईपर्यंत नजर हलवायची नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या गेमला तेल उडून जातं, बॉल लवकर वळायला लागतो, हेडपिनच्या नाकावर किंवा डाव्या बाजूला जाऊन आदळतो, तेव्हा हात बदलू नकोस, पाय बदल. बॉल डावीकडे चुकला तर तूही डावीकडे सरक, पाय दोन फळ्या आणि टार्गेट एक फळी. उलटं वाटतं पण करून बघ.

मग बॉल कुठला. ढोबळमानाने तीन तऱ्हा. प्लॅस्टिक म्हणजे पॉलिएस्टर, जो जवळजवळ सरळच जातो, रॅकवरचे सगळे तेच. युरेथेन, जो हळूहळू एकसारखा वळतो. आणि रिॲक्टिव्ह रेझिन, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि सगळा खेळ बदलून गेला, कोरडं लागलं की झटकन कोपरा कापतं. आतलं कोअर, म्हणजे बॉलच्या पोटातला वजनाचा गाभा, सिमेट्रिक म्हणजे सगळीकडून सारखा, किंवा असिमेट्रिक. असिमेट्रिकवाले जास्त उसळून वळतात, ऐकायला छान, पण ते कुणासाठी, तर ज्याचा हात दहातल्या आठ वेळा एकसारखा सुटतो त्याच्यासाठी. तुझा सुटत नाही, रागावू नकोस, ११८ ॲव्हरेज म्हणजे तेच. असल्या बॉलमध्ये तुझी चूक लहान राहत नाही, दुप्पट मोठी होऊन साठ फुटांवर दिसते. तू साधा, सिमेट्रिक कोअरचा, मधल्या किंवा त्याच्याही खालच्या किमतीचा रिॲक्टिव्ह घे. स्टॉर्म, ब्रन्सविक, हॅमर, रोटो ग्रिप सगळ्यांकडे आहेत, मोटिव्ह तर तुमच्या मिशिगनचीच, स्प्रिंग लेकची कंपनी. ड्रिलिंग धरून साधारण दीडशे ते दोनशे डॉलर. दुकानदार अडीचशे-तीनशेचा चकचकीत दाखवेल, बघायचा, हात फिरवायचा, परत ठेवायचा.

हुक विकत घ्यायची हौस काही आजची नाही हं. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून नावाच्या प्रोने प्लॅस्टिकचा बॉल चक्क एमईके नावाच्या सॉल्व्हंटमध्ये भिजवून मऊ केला, मऊ बॉल लेनला जास्त पकडतो म्हणून, आणि त्या वर्षीचा प्लेयर ऑफ द इयर झाला. पेट घेणारं रसायन ते! शेवटी बॉल किमान किती कडक असावा याचा नियम करावा लागला. पण मॅक्यून आधीच प्रो होता बाबा, बॉल भिजवायच्या आधीपासून.

आणि बॉलच्याही आधी शूज घे, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते. भाड्याच्या शूजचे दोन्ही तळवे सारखेच घसरतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या स्वतःच्या शूजमध्ये डावा घसरणारा आणि उजवा पकडणारा असतो, शेवटच्या पावलाला घसरत थांबायचं म्हणून. दर गुरुवारी भाडं भरतोस, तो हिशोब बायकोला दाखव, शूज सीझनभरात वसूल होतात. दोनशेच्या बॉलबद्दल बोलायचं तर तिचं अगदीच चुकतंय असं नाही, पण नीट ठेवलास तर तो काही वर्षं चालेल, आणि मनगटाच्या फिजिओथेरपीचं बिल इथे किती येतं ते तिलाही माहीत असेल.

आता लेगस्पिन. गंमत अशी की दिशा बरोबरच आहे, उजव्या हाताचा लेगब्रेक जसा टाकणाऱ्याच्या उजवीकडून डावीकडे जातो तसाच हा हुक. पण क्रिकेटचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या आसपास, हा सहा-सात किलो, मनगटाच्या झटक्याने हा फिरवायचा नसतो. तू फिरवतोस तेव्हा हात बॉलच्या वर येतो आणि बॉल लेनवर भोवऱ्यासारखा जागच्या जागी गरगरत जातो, दिसायला फिरकी भरपूर, पण लेनला पकड नाही आणि पिनांवर जोर नाही. तुझं हे होतंय का ते आजच्या आज तपासता येईल. बॉल परत आला की पुसायच्या आधी नीट बघ, त्याच्यावर तेलाची एक गोल रेघ उमटलेली असते. ती मोठी असेल आणि अंगठ्याच्या भोकाच्या जवळून जात असेल तर ठीक चाललंय. भोकांपासून लांब, खाली लहानसं वर्तुळ दिसलं तर हात वरून जातोय. माझी पैज आहे तुला लहान वर्तुळ दिसणार.

करायचं काय तर अगदी कमी. खाली येताना तळवा बॉलच्या मागे, मनगट सरळ, आणि घोट्याजवळून जाताना अंगठा आधी बाहेर, मग बोटं बाजूने वर येतात, शेवटी हात शेकहँडच्या पोझिशनला. एवढीच फिरकी, आणि ती अंगठा निघाल्यानंतरची, आधीची नाही. हे पूर्ण रनअप घेऊन शिकता येत नाही, प्रॅक्टिसला एक दिवस रिकाम्या वेळी जा, स्कोअर बघू नकोस, फाउल लाइनशी डावा पाय पुढे ठेवून उभा राहा, हात मागेपुढे दोनदा झुलव आणि सोड. पाऊल नाही, जोर नाही. बॉल पिनांपर्यंत रडतखडत पोचेल, पोचू दे, तू फक्त अंगठा कधी निघतो ते बघायचंस. असे वीसेक टाकून झाले की मग एक पाऊल, मग चार.

चार पावलं म्हणजे उजवा, डावा, उजवा, आणि डावा घसरत. पहिल्या पावलाबरोबरच बॉल पुढे ढकलायचा, दोन्ही एकदम, हे जमलं की बाकीचं टायमिंग बऱ्यापैकी आपोआप येतं. तू पळत येतोस ना? क्रिकेटवाले सगळे पळत येतात, शेवटी क्रीजवर उडी मारल्यासारखे थांबतात आणि खांदा डावीकडे उघडतो. चालत ये रे. शेवटची दोन पावलं थोडी जलद, बस. आणि हात खाली येताना ताकद लावायची नाही, चौदा पौंड वरून खाली येताना स्वतःचा वेग घेऊनच येतात, तू मधे पडू नकोस.

दहा नंबरच्या पिनबद्दल. सरळ बॉल हेडपिनला लागला की उजवीकडे ढकलला जातो, मग तीन नंबरची पिन सहाला नीट मारत नाही, सहा नंबर जाऊन गटारात आडवी पडते आणि दहा शेजारी उभी. चांगल्या स्ट्राइकमध्ये, म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही पिना पडतात तेव्हा, बॉल स्वतः फक्त चारच पिनांना लागतो, एक, तीन, पाच, नऊ, बाकीच्या सहा पिनाच एकमेकींना पाडतात, आणि त्यासाठी बॉल जरा कोनातून यावा लागतो, साधारण सहा अंश. सरळ बॉलला तो कोन मिळतच नाही. म्हणजे हुक आल्यावर दहा नंबर कमी राहील, पण राहीलच, प्रोंचीही राहते. तेव्हा ती पाडायला शिक. पुढच्या सीझनला पैसे झाले की ड्रिल केलेला प्लॅस्टिकचा बॉल घे फक्त स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलने पाडायला, तोपर्यंत रॅकवरचा चौदा पौंडी चालेल. ॲप्रोचवर, म्हणजे फाउल लाइनच्या अलीकडच्या चालायच्या जागेवर, पार डावीकडे उभा राहा, मधल्या म्हणजे चौथ्या बाणाच्या आसपास टार्गेट, आणि तिरका, सपाट, जराही न वळवता. खांदे पिनेकडे वळलेले हवेत, लोक उभे डावीकडे राहतात आणि चालतात सरळ, मग बॉल पिनेच्या डावीकडून निघून जातो.

तुझी टीम स्ट्राइकवर टाळ्या पिटते आणि स्पेअर सुटला तर फोन बघत बसते, मला न बघताही माहितीये. पण जरा गणित कर. एकही स्ट्राइक नाही, प्रत्येक फ्रेमला पहिल्या बॉलला नऊ आणि दुसऱ्याला स्पेअर, शेवटच्या जादा बॉललाही नऊ, तर गेम होतो १९०. एकशे नव्वद! तुझ्या ॲव्हरेजला ७२ जास्त, हुक न शिकता. तुझं ११८ हे हुक नाही म्हणून नाहीये, एका पिनेसाठी टाकलेला दुसरा बॉल तू चिडून टाकतोस म्हणून आहे.

दोन हातांचं विचारलंस. जेसन बेलमोंट या ऑस्ट्रेलियन प्रोने त्या स्टाइलवर इतक्या मेजर, म्हणजे मोठ्या स्पर्धा जिंकल्यात की आता कुणी नाकं मुरडत नाही, अंगठा न घालता टाकायचं असल्यामुळे अंगठ्याचा त्रासही संपतो. पण कमरेतून बरंच वाकून पाठ वळवावी लागते आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या अडतिशीतल्या पाठीला ते पहिल्या महिन्यात आवडणार नाही. पाठ धडधाकट असेल आणि शिकवणारा समोर असेल तर बघ, व्हिडिओ बघून नको. तुझा मूळ त्रास ढगळ भोकाचा आहे, तो ड्रिलिंगने सुटतोय, त्यासाठी स्टाइल बदलायची गरज मला तरी दिसत नाही. पण मनगटाचं एक, १४ पौंडांवर येऊनही तीनचार आठवड्यांत ठणका गेला नाही तर डॉक्टरला दाखव, मनगटाचा पट्टा बांधून खेळत राहू नकोस.

बॉल आणलास की टॉवेलही आण, मायक्रोफायबरचा. प्रत्येक बॉलनंतर तेल पुसायचं, आणि लीगला यूएसबीसीची, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगच्या मुख्य संस्थेची, मान्यता असेल तर गेम चालू असताना कोरडा टॉवेलच, २०१९ पासून खेळताना लिक्विड क्लीनर चालत नाही, तो घरी निघताना लावायचा. आणि गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नकोस. तुमच्याकडे जानेवारीत रात्री गाडीत काय थंडी असते ती तुला मी सांगायला नको, त्या थंडीतून एकदम गरम हॉलमध्ये नेलेला बॉल तडकू शकतो, आणि जुलैत उन्हात उभ्या गाडीत तेल बाहेर येऊन बॅग चिकट होते ती वेगळीच. घरात वर घेऊन जा, आणि चुकून गारठलाच तर हीटरजवळ ठेवू नकोस, तासदोन तास तसाच पडू दे.